केकवालीची साखर

तीर्थस्वरूप मावशींना,

वाकता येत नाही म्हणून उभ्या उभ्याच साष्टांग नमस्कार. (साष्टांग उभ्याने होत नाही हे कळतं, पण सध्या पोटापुढे कुणाचं चालत नाही.) तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुमचा भाचा मजेत. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, तब्येतीने ठणठणीत आणि माझ्यावर नाराज.

झालं असं, की सातव्या महिन्यात मला गरोदरपणातला मधुमेह निघाला. सासूबाईंनी लगेच निकाल देऊन टाकला, की दिवसभर केक चाटल्यावर दुसरं काय होणार. (केकचं दुकान चालवणाऱ्या बाईला क्रीम चाखावं लागतं. बास.) डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं. बाळाच्या वारेतून (म्हणजे प्लॅसेंटातून) निघणारे हार्मोन शरीराचे इन्शुलिनविरुद्ध कान भरतात, मग इन्शुलिन कितीही दार ठोठावो, साखरेला आत घ्यायला कुणी दार उघडत नाही. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन करून निभावून नेतं, हिचं कमी पडलं, यात हिचा दोष नाही. सासूबाईंनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि जिना उतरताना म्हणाल्या, "ते खरं, पण चाटू नये."

मग घरी मीटर आलं. एका केकवर पिठीसाखर चाळता चाळता मला तपासणीची आठवण झाली. बोट एप्रनला पुसलं, टोचलं, आणि जो आकडा आला तो बघून तुमच्या भाच्याने आधी खुर्ची धरली, मग मला धरलं. केक अर्धवट, गिऱ्हाईक दारात, आणि आमची वरात दवाखान्यात. तिथल्या नर्सताईंनी माझ्या हातांकडे एकदा पाहिलं आणि साबण पुढे केला. पुन्हा मोजलं तर आकडा निम्म्याच्या खाली. मी रक्तातली सोडून बोटावरची साखर मोजून आले होते. तेव्हापासून तुमचा भाचा तपासणीआधी माझी बोटं हुंगतो, आणि सासूबाईंच्या मते आजार मुळात नव्हताच, साबणाने गेला.

तो गेलेला नाही. हात घासून धुतले, जेवण बेताचं केलं, चालून चालून चपला झिजवल्या, तरी सकाळची उपाशीपोटीची साखर हटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता इन्शुलिन. सासूबाई म्हणतात, एकदा सुई लागली की जन्माची लागली, माझ्या घरात ती येणार नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर जागेवर येते, हे सांगून माझं तोंड दुखलं.

पण मावशी, मी घेणार. जास्तीची साखर बाळापर्यंत पोचते, ते नको तितकं वाढतं, बाळंतपण अडतं. मला टोचण्याची भीती नाही. बाळाला काही झालं तर सगळे केककडे बोट दाखवतील आणि मलाही ते खरं वाटायला लागेल, याची फार भीती वाटते. म्हणून सोमवारपासून सुरू, घर डोक्यावर घेतलं गेलं तरी.

आत्ताच पोटातून लाथ बसली. तोही तुम्हाला नमस्कारच समजावा.

तुमची,
सूनबाई

ता. क. सासूबाई जगात फक्त तुमचं ऐकतात. रविवारी राहायला या.

आणखी ता. क. मागच्या खेपेला तुमच्या फ्रिजमध्ये लिंबांच्या मागे इन्शुलिनचं पेन दिसलं. कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. पण येताना ते घेऊन या. सोमवारी सकाळी सासूबाईंच्या देखत, टेबलाशी शेजारी शेजारी बसून आपण दोघी आपापलं इन्शुलिन घेऊ. मान मोठ्यांचा, म्हणून आधी तुम्ही.