आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे

बाई, एक गंभीर तक्रार आहे. रोज सकाळी माझ्या फोनवर मला ‘आर्शिवाद’ मिळतो. कधी गुलाबावर, कधी उगवत्या सूर्यावर, एकदा तर चहाच्या कपावर. रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर आणि दीर्घ शी ऱ्हस्व झालेली, असला आशीर्वाद फळतो की उलटतो, याचा निर्णय मला अजून कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही. पाठवणारी माझी आतेबहीण, म्हणजे तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही असतात तर लाल पेन्सिलीने गोल करून तिच्याकडून पानभर लिहून घेतलं असतंत, आणि तिने पन्नाशीतही ते निमूट लिहिलं असतं. तुम्ही गेलात आणि वसईतलं शुद्धलेखनाचं राज्य बुडालं, एवढं आधी नोंदवून ठेवतो. घरच्या या ग्रुपला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी मोठ्या हौसेने ‘आप्तवाक्य’ सुचवलं होतं. सगळ्यांनी पसंतीचे अंगठे पाठवले. त्यातला विनोद ज्या एका व्यक्तीला कळला असता, ती पापडी गावात चर्चमागच्या मातीत निजली आहे.

ती नववीतली सहामाही तुम्हाला आठवत नसेल. मला आठवते. सकाळी तुम्ही आम्हाला जठर, यकृत शिकवायचात आणि दुपारी त्याच तोंडाने रामः रामौ रामाः. संस्कृतचे शास्त्रीबुवा रजेवर गेले ते परतलेच नाहीत, आणि कॉलेजात संस्कृत घेतलेल्या तुम्ही एकट्याच होतात. शब्दार्थ लिहा: आप्त. मी लिहिलं: नातेवाईक. पेपर वाटताना तुम्ही माझ्या बाकाशी थांबलात आणि म्हणालात की मराठीत पैकीच्या पैकी, संस्कृतात भोपळा. मग वर्गाला विचारलंत, याची मावशी याची आप्त आहे ना? आहे, बाई. मग मावशीने सांगितलं की कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल येतो, तर आता मी सकाळचा जठराचा धडा पुसून टाकू का? वर्ग खिदळला. माझी मावशी खरोखरच हे सांगत असे. तुम्हाला ते कुठून कळलं, कोण जाणे. त्यानंतर तुम्ही हळू आवाजात जे बोललात ते मात्र मी उतरवून न घेताही लक्षात राहिलं. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशीच सांगतो, तो आप्त, मग नातं असो वा नसो. आणि कुणाचंही ऐकण्याआधी मनात दोन प्रश्न विचारायचे: याला हे कुठून ठाऊक? आणि मी विश्वास ठेवला तर याचं काय साधतं?

आता मुद्द्यावर येतो. प्रस्तावनेतच तास संपवतोस, असं तुम्ही म्हणायचात, ते अजून खरं आहे. उमेळे गावातल्या आमच्या घरी माझा दादा राहतो. चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी थोडी केळी, थोडा मोगरा आणि विहिरीकडेचं अळू त्याने धरून ठेवलंय. मी स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये, म्हणजे हाकेच्या अंतरावर आणि तरीही महिन्यातून एखाद्या वेळीच जाणारा. दादाला बरीच वर्षं मधुमेह. तो म्हणतो, शुगर. या पावसाळ्यात आतेबहिणीने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पांढरा कोट घातलेले एक नावाजलेले डॉक्टर सांगत होते की शुगरच्या गोळ्या मूत्रपिंड खातात, त्या आजच बंद करा आणि अमुक थेंब घ्या, पायांची जळजळ आठवड्यात गायब. खाली एक लिंक. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी व्हिडिओ उघडला नाही, ‘आर्शिवाद’ समजून तसाच सोडून दिला. दादाने उघडला, लिंक दाबली, थेंब मागवले आणि गोळ्यांचा डबा कपाटावर ठेवून दिला. हे मला कळलं ते वहिनीकडून, मी गणपतीनंतर गेलो तेव्हा, आणि तेही अळू चिरता चिरता, जणू मांजर व्यालं असं सांगावं तसं.

ओट्यावर बसून मी तो व्हिडिओ पाहतो. डॉक्टरांचा चेहरा खरा आहे, पण ओठ एकीकडे चालतात आणि शब्द दुसरीकडे. शिवाय ते डोळ्यांना ‘डोले’ म्हणतात आणि गोळ्यांना ‘गोल्या’. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं की हा माणूस मराठी नाहीच, हा माणूसच नाही, कुणाचा तरी चेहरा उचलून यंत्राने त्याच्या तोंडी शब्द घातलेत. पुराव्यादाखल उच्चार. दादाने शांतपणे पायावर पाय टाकला आणि मला चिडवत तो म्हणाला, “शास्त्रीबुवा, आपन पन पानीच बोलतो. मग आपन काय यंत्र?”

बाई, तेव्हा आठवलात त्या तुम्ही. वर्गात कुणी माझ्या ‘पानी’ला हसलं तेव्हा तुम्ही त्याला उभं करून सांगितलं होतंत की श्लोकात ण म्हणायचा, घरी आईपुढे न म्हणायचा, आणि जो घरी ण म्हणून आईला लाजवेल त्याचे मी गुण कापीन. उच्चारावरून माणूस जोखायचा नाही, हे तुम्ही शिकवूनही मी तेच करायला निघालो होतो. म्हणून मी उच्चार सोडला आणि दादाला विचारलं, याने तुझे पाय कधी बघितलेत? दादा म्हणाला, बघायला कशाला पाहिजेत, जळजळ गेली ना. खरंच गेली होती. दोन वर्षं रात्री पाय पाण्यात बुडवून बसणारा माणूस आता गाढ झोपत होता. प्रत्यक्ष प्रमाणापुढे माझी काय टाप?

वर त्याने सांगितलं की चहातली साखर त्याने केव्हाच सोडलीय, तेव्हा गोळ्या नसल्या तरी बिघडत नाही. त्या वेळी तो चहात बुडवून तिसरा पाव खात होता. तेव्हा मी मनातलं तुमचं स्वयंपाकघर उघडलं. पापडीला तुमच्या घरी शाळकरी मी रविवारी शंका विचारायला येतो. तुम्ही नुकत्याच मिसाच्या प्रार्थनेहून परतलेल्या, चर्चची साडी तशीच, पदर खोचून मसाला परतताय. माझ्या हातात कोरडा पाव देता. चाव, गिळू नकोस. मी चावतो. काय लागतंय? पाव. चाव अजून. मसाल्याच्या खाटाने माझ्या डोळ्यांतून पाणी, तोंडात लगदा, आणि अचानक गोड. बाई, यात साखर घातलीय? घातली नाही, तू केलीस, तुझ्या थुंकीने. मग चमचा हलवत तुम्ही सांगता की पिठाची साखर करायला शरीर पोटात जाईपर्यंतसुद्धा थांबत नाही. त्यानंतर चहा, आणि बशीत दुसरा पाव, हा गिळण्यासाठी. माझं शरीरशास्त्राचं सगळं शिक्षण त्या एका घासात झालं, असं मी म्हणालो तर तुम्ही रागवाल, म्हणून बहुतेक झालं म्हणतो.

ही गोष्ट सांगून तसाच कोरडा पाव मी दादाला चावायला लावला. तो चावत राहिला, वहिनी बघत राहिली. शेवटी त्याने कबूल केलं की गोड लागतंय. “पन तुझ्या बाईंनी पावात साखर घातली असेल, हा बेकरीवाला पन घालत असेल,” असंही म्हणाला. वहिनीने एवढंच म्हटलं की इतकं चावून खाणार असाल तर एका पावात भागेल.

त्या थेंबवाल्यांकडची एक बाई संध्याकाळी फोन करते, हे वहिनीने सांगितलं होतं, म्हणून मी थांबलो. फोन आला. आवाज अगदी लाघवी, काका, काका. आज डॉक्टरसाहेब स्वतः तपासणार आहेत, त्यासाठी एक ॲप घ्या, म्हणजे तुमचा स्क्रीन त्यांना दिसेल, आणि मेसेजमध्ये नंबर येईल तो मला सांगा. मी दादाला फोन स्पीकरवर टाकायला लावला होता. तुमचा दुसरा प्रश्न माझ्या जिभेवर होता, पण तो दादानेच विचारला, स्वतःच्या शब्दांत.

“बाय, डॉक्टरला माझा पाय बघायचाय का फोन?”

पलीकडून पुन्हा काका, काका. दादाने फोन ठेवला. कुठलाच नंबर सांगितला नाही, ॲप घेतलं नाही. नंतर आम्ही तिचा नंबर ब्लॉक केला, सायबर विभागाकडे तक्रारही केली, आणि ग्रुपवर मी लिहिलं की व्हिडिओ खोटा आहे, कुणीही गोळ्या बंद करू नका. आतेबहीण आधी रुसली, मग तिनेच तो काढून टाकला. एवढं झालं ते तुमच्यामुळे, बाई. माझ्यासारखा पंडित ळ धरून बसला असता. तुमचा प्रश्न तुम्हाला कधीही न भेटलेल्या माझ्या भावाच्या तोंडून निघाला, तेव्हा तुम्ही ओट्यावर असायला हव्या होतात असं फार वाटलं. जिवंतपणी मी तुमचे आभार मानलेच नाहीत. शिक्षकांचे मानायचे असतात हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही स्वतः तर सांगणार नव्हतात. तेव्हा आता मानतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, तरी मानतो.

दुसऱ्या दिवशी दादाला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या रागावल्या नाहीत. थेंबांत काय आहे कुणास ठाऊक, ते टाकून द्या. गोळ्या पुन्हा सुरू करा, मात्र कमीजास्त करायच्या त्या मला विचारून, असं म्हणाल्या. मग दादाला झोपवून डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक, ताठ दोरा त्याच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवू लागल्या. लागलं की हो म्हणा. मी पायांशी उभा होतो, म्हणून मला दिसत होतं. दोरा टेकत होता, वाकत होता, आणि दादा डोळे मिटून वाट बघत होता. मध्येच त्याने विचारलं, सुरू केलं का?

जळजळ थेंबांनी गेली नव्हती. मधुमेहाने पायांच्या नसा मंदावल्या होत्या, आणि डॉक्टरांनी ते त्याला स्पष्ट सांगितलं: अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवे बघायचे, आरसा धरून बघायचे. दादा हो म्हणाला. गोळ्या तो घेतो, पावही कमी केलाय. पण वाडीत चप्पल घालून जाणं त्याला पटत नाही, मातीत चप्पल रुतते म्हणतो. परवा फोनवर म्हणाला, तू उगाच घाबरतोस, मला काही दुखत नाही. खूश होता.

बाई, त्याला दुखत नाही, याचीच मला भीती वाटते. सकाळी तो मोगऱ्यात अनवाणी फिरत असतो तेव्हा मी तिथे नसतो. काचेचा तुकडा पायात जाईल, आणि ते सगळ्यांत शेवटी त्याला कळेल.