मनकर्णाबाईचा फोटो

६ नोव्हेंबर १९७८, लाखांदूर
दुपारी एस.टी.तून उतरलो आणि बदलीचा सगळा राग निघून गेला. चहूकडे पिवळा धान, मधूनच चमकणारे तलाव, आणि ऊन असं सोनेरी की कॅमेरा काढण्याआधीच बोटं शिवशिवू लागली. पंचायत समितीतली कारकुनी पोटासाठी, जीव फोटोत. घरमालक श्यामराव धानाचे व्यापारी, मोकळे गृहस्थ. स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावून, लाल दिवा टांगून तिथं फोटो धुवायला त्यांनी हसत परवानगी दिली. पहिला फोटो त्यांचाच काढायचा, एवढी अट.

१२ नोव्हेंबर
रविवार. ठरल्याप्रमाणे पहिला फोटो श्यामरावांचा काढून बाहेर पडलो. तलावाच्या पाळीवर एक बाई ओले केस मोकळे सोडून बसली होती, आपल्याशीच हसत. पळसाच्या आडून फोटो घेतला. विचारलं असतं तर ते हसू गेलं असतं. खटका ऐकून तिनं वळून पाहिलं, पदर ओढला. मी मान खाली घालून सटकलो.
बाकीचा रोल गावात फिरून संपवला आणि संध्याकाळी धुतला. तिचा फोटो माझा आजवरचा सर्वांत चांगला. श्यामरावांनी बघताक्षणी ओळखलं: कवडूची बायको मनकर्णा, पलीकडच्या मोहल्ल्यातली.

१४ नोव्हेंबर
तीच बाई सकाळी अंगणात. डोळे सुजलेले. म्हणाली, "मले घरी कोनीच ओळखून नाही राहिलं, बाबूजी. नवरा म्हनते, कोन हायेस तू? लेकरू मले पाहून रडते."
नवराबायकोचं भांडण असेल असं वाटलं. श्यामरावांना बाहेर बोलावलं. परवाच फोटोत तिला ओळखणारे श्यामराव तिच्याकडे बघून म्हणाले, ही आपल्या गावची नाही.

१५ नोव्हेंबर
फोटो घेऊन तिच्यासोबत कवडूकडे गेलो. त्यानं फोटो हातात घेतला आणि उजेडात धरला. "हेच माझी मनकर्णा. कोठं दिसली तुमाले?" ती त्याच्या शेजारीच उभी होती. मी बोट दाखवलं. त्यानं तिच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, या बाईले कायले आनलं?
फोटो त्यानं ठेवून घेतला.

१८ नोव्हेंबर
कवडूनं फोटोपुढे दिवा लावलाय. लेकरू फोटोशी बोलतं. ती बाहेर कुडाला धरून उभी राहते. लोक हाकलतात, मग माझ्या ओसरीवर येऊन बसते. तिला नावानं हाक मारणारा गावात मी एकटाच. आज तिनं विचारलं, मले न इचारता काहून काढला?

२० नोव्हेंबर
तिला पुन्हा तलावावर नेलं. या वेळी विचारून फोटो काढला. धुतला. पाळ आली, पळस आला, पाणी आलं. ती — नाही.

२२ नोव्हेंबर
पहिल्या फोटोची निगेटिव्ह जाळली तर ती सुटेल? ती नको म्हणते. "तेवढंच उरलं हाये माझं तुमच्यापाशी. ते गेलं तं तुमी बी मले नाही ओळखाचे."
श्यामराव कुरकुरतात — अनोळखी बाई, एकटा पुरुष, लोक बोलतात. ती उठत नाही. दिवसभर माझ्याकडेच बघते. मला आता तिच्याकडे बघवत नाही.

२३ नोव्हेंबर
चुलीत टाकली. भसकन पेटली. तिच्यासाठीच केलं. तिच्यासाठीच, असं — ती दारातून बघत होती. नुसती —

२४ नोव्हेंबर
ओसरीवर कुणी बाई येऊन बसली आहे. सकाळपासून. कधी पाहिलेली नाही. वेडी असावी. म्हणते, बाबूजी, तुमी तरी माझं नाव घ्या. मला कसं ठाऊक असणार हिचं नाव?
श्यामरावांना हाक मारली. ते काठी घेऊन आलेत. ती उंबरा सोडत नाही — ओढताहेत तिला — माझ्याकडेच बघते — हिची मला एवढी भीती का वाटावी, मी हिचं काय —