ईलीचा मनोरा पडला तेव्हा

वुडलँड्स, सिंगापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. निशिकांतमामांस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं मशीन पुन्हा कपाटात गेलं म्हणे! तुमचा जावई सारंग म्हणाला, मामा ऐकत नाहीत म्हणून तरी आपल्या घरी पोस्टमन येतो.

पण बातमी चांगली नाही. गेल्या बुधवारी आंग मो किओच्या आमच्या साइटवर नाल्यासाठी खणलेल्या चराची बाजू ढासळली. रफीक नावाचा बांगलादेशी कामगार आत होता. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात आहे. रोज सकाळी चरात उतरून टेकू तपासायचे आणि मगच कामाच्या परवानगीवर सही करायची, हे माझं काम. त्या दिवशी मीटिंगची घाई होती. फोनवर आलेला फोटो पाहून मी सही केली.

आता रिपोर्टात लिहिलंय की रफीकनेच टेकू काढला. मॅनेजर म्हणतात, गप्प राहा, तुझा इथे राहायचा पास याच नोकरीवर आहे. मी गप्प आहे. तुम्ही हवं तर रागवा.

लोभ एवढ्यावरून आटू देऊ नका.
तुमची क्षिप्रा


ईली, इंग्लंड
१९ फेब्रुवारी २०२५

चि. क्षिप्रास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

रागवत नाही. कॅथेड्रल बघायला आलेल्यांना मी दर गुरुवारी फिरवतो. त्यांनी काहीही विचारलं तरी मला ऐकू येत नाही, म्हणून मी मनोऱ्याचीच गोष्ट सांगतो. तूही ऐक.

१३२२ च्या फेब्रुवारीत इथला मधला मनोरा कोसळला. मठातल्यांना भूकंपच वाटला. इमारतीची जबाबदारी ॲलन नावाच्या मठवाशावर होती. बखरीत लिहिलंय की तो इतका खचला, कुठे वळावं हेच त्याला कळेना. मग त्याने ढिगारा उपसला, धूळ काढली, आठ जागा आखल्या आणि घट्ट जमीन लागेपर्यंत खणलं. चारांच्या जागी आठ खांब उभे केले. एवढी रुंदी दगडी छताला पेलणारी नव्हती, म्हणून वर ओकच्या प्रचंड तुळयांचा, कंदिलासारखा खिडक्यांचा मनोरा चढवला. वीस वर्षं लागली. त्या अष्टकोनातून उजेड खाली उतरतो, तेव्हा माझ्यासारख्या बहिऱ्यालाही शांतता कळते.

ॲलनने दोष गवंड्यांवर ढकलल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही.

रफीकला भेटलीस का? पत्रात तेवढंच नाही.

माया आहे तशीच आहे.
निशिकांतमामा


वुडलँड्स, सिंगापूर
२३ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी कामावर जाताना एमआरटी ट्रेनमध्ये वाचलं. आंग मो किओ आलं, मी उतरले नाही. सरळ नोव्हेनाला गेले.

रफीकला सगळं सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, टेकू सकाळीच सैल होता, मी सुपरवायझरला सांगितलंही होतं. त्याच दुपारी मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी जबाब दिला. आता रिपोर्ट बदलला आहे. माझी नोकरी गेली. सारंगच्या पासवर मला इथे राहता येईल असं दिसतंय. माझ्या सहीची वेगळी चौकशी सुरू आहे. जे होईल ते होईल. झोप मात्र लागते.

रिपोर्ट बदलला हे सांगायला काल पुन्हा गेले होते. माफ केलं असं रफीक म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्याच्या गावी अजून सगळे म्हणतात, त्याने स्वतःच्या हाताने पाय मोडून घेतला. त्याने वडिलांना फोन लावला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, यांना तुम्हीच सांगा. त्यांना समजेल अशा सोप्या हिंदीत मी सांगितलं की चूक त्याची नव्हती, माझी होती.  मग म्हाताऱ्याने माझं नाव विचारलं.

मी पूर्ण नाव सांगितलं.

आशीर्वाद असू द्यावा. आता तो मागायला संकोच वाटत नाही.
तुमची क्षिप्रा