ताईचं कोपर

ताई,

तू नोकरीसाठी परगावी गेलीस आणि अख्खा पलंग माझ्या वाट्याला आला. रात्री मी त्यावर बसूनच असते. आडवी झाले की घसा आवळतो.

खिडकीखालचा रस्ता खणल्यापासून धुळीने नाक बंदच आहे. वर्गात डोळा लागतो, तर बाई म्हणतात, ही रात्रभर मोबाईल बघते. परवा रस्ता ओलांडताना पेंग आली. स्कूटरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. हे घरी सांगितलेलं नाही.

मी घोरते म्हणून तू चिडून कोपर मारतेस, असंच मला वाटायचं. आईकडे किती चुगल्या केल्या तुझ्या. मागच्या आठवड्यात मोबाईल उशाखाली ठेवून स्वतःला रेकॉर्ड केलं. आधी घोरणं, मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की रेकॉर्डिंग संपलं असंच वाटलं. मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास. कोपर कशासाठी होतं ते तेव्हा कळलं.

आईला ऐकवायला गेले, तर तिने मोबाईल कपाटात कोंडला. म्हणाली, "म्हणजे रात्री तो उशाशीच असतो तर." डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणे पोरीच्या घोरण्याचा गवगवा कशाला.

हे वाचलंस तर तू नोकरी सोडून येशील, आणि घर तुझ्यावर चालतंय. म्हणून पाठवत नाही.

तुझ्या शेवटच्या कोपराचा निळा डाग बरगडीवर होता. रोज बघायचे. आज शोधला, तर सापडला नाही.

तुझी,
घोरपड