खडखड नव्हे, खुळखुळ

तीर्थस्वरूप दाजींना,

रुसलेल्या माणसालाही नमस्कार पोचतो असं ऐकून आहे, म्हणून साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईकडून कळतं म्हणा, पण ती गुडघ्याचं सांगते, तुमचं सांगत नाही. दीड वर्ष झालं. ताई दुकानात पडदे निवडत होती, आपण बाहेर माझ्या गाडीत तुमच्या घडीच्या पटावर बुद्धिबळ खेळत होतो. प्रत्येक चालीला तुमच्या 'बघ हं, बाळा'ने माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात माझा वजीर नाहीसा झाला आणि मी तुम्हाला चोर म्हणालो (शब्द 'लबाड' होता, पण सूर चोराचाच होता). 'गाडीतच शोध,' म्हणून तुम्ही उतरलात, ते पुन्हा माझ्या गाडीत बसला नाहीत. आता ताईला एकटीलाच आणावं लागतं आणि ती रस्ताभर तुमच्या वतीने गप्प बसते.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. त्याच आठवड्यात गाडीतून आवाज यायला लागला. खड्डा आला की वाजे, वळण आलं की वाजे, आणि गॅरेजच्या दारात नेली की गाडी अगदी गरीब गाय. आमचा मेकॅनिक गाडी चालवून बघत नाही, शब्द विचारतो. खटखट म्हणजे चाक, किरकिर म्हणजे रबर, खडखड म्हणजे खालचा लोखंडी पसारा. मी छातीठोकपणे खडखड सांगितलं. मागच्या सीटवरून ही म्हणाली, 'अहो, खुळखुळ आहे.' मी म्हटलं, खुळखुळ बाळाच्या खेळण्याची असते, गाडीची नाही. झालं! माझ्या त्या एका शब्दापायी सायलेन्सरच्या पट्ट्या आवळल्या, शॉकअब्सॉर्बर बदलले, जॅक आणि पाने तर घरीच काढून ठेवले (मग भररस्त्यात पंक्चर झालं, ते जाऊ दे). एकदा मी हिला डिकीत बसून आवाज ऐकायला सांगितलं, तर तिने मलाच डिकीत बसवलं आणि स्वतः गाडी चालवली. टेंगूळ आता बरंच उतरलं आहे.

शेवटी परवा ही एकटीच गॅरेजला गेली आणि 'खुळखुळ' एवढंच म्हणाली. मेकॅनिक म्हणे कपाळाला हात लावून बसला. 'अहो वहिनी, मग हे आधी नाही का सांगायचं? खुळखुळ म्हणजे पोकळीत सुटी वस्तू!' दहा मिनिटांत त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं आतलं आवरण उतरवलं (तिथला बिघडलेला स्पीकर मी काढला होता, भोक बुजवायचं राहिलं होतं). तळाशी माझा वजीर. पांढरा होता, आता ग्रीसने तुमच्या बाजूचा वाटतो. हिने तो जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवला. दाजी, माझंच दार, माझंच भोक, आणि आळ तुमच्यावर. चुकलो. फार लाज वाटते.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेकत जा.

तुमचा, कान असून बहिरा
मेहुणा

ता. क. रविवारी ताईला न्यायला येतोय. पुढची सीट पुसून ठेवली आहे. पट तेवढा घेऊन खाली या, वजीर मी धुऊन आणतो.

ता. क. आणखी एक. त्या डावाची मांडणी मी त्याच दिवशी लिहून ठेवली होती, तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून. काल कागदावर पट आखून वजिरासकट मांडून पाहिली. दोन चालींत मात आहे, माझ्यावर. आणि खोटं कशाला बोलू, ती मला तेव्हाच दिसली होती. वजीर गेला तेव्हा हायसंच वाटलं होतं. तर हरायला येतोय. फक्त शेवटची चाल करताना 'बघ हं, बाळा' म्हणू नका, तेवढं सोसत नाही.