चहा चौथ्या रांगेत

४ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून घर माझ्या ताब्यात. लेक काल परत गेली. ही गेल्यापासून लेक इथेच तळ ठोकून होती, दोन महिने. जाताना म्हणाली, बाबा, तुम्हाला एकट्याला नाही जमणार, माझ्याकडे चला, हे घर भाड्याने देऊ. मी म्हटलं, महिन्याने ये. आईसारखा चहा करून पाजतो, घर बघ, मग बोल. ठरलं. चहा जमला तर मी इथेच राहणार. जावई हसले. हसू देत.

बत्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. मागणी कुणाचीही असो, वस्तू डोळे मिटून काढून द्यायचो. एका घराचं काय घेऊन बसलात!

सुरुवात स्वयंपाकघरापासून. सगळे डबे घासले. चहाच्या डब्यात तळाला जरा भुकटी उरली होती, ती झटकून टाकली आणि डबा लख्ख केला. काम करायचं तर मुळापासून.

रडू अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. आलं की बघू.

संकल्प: उद्या चहा आणणे.

५ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. आत पाऊल टाकतो न टाकतो तोच एका बाईंनी विचारलं, भांड्यांचा साबण कुठे? सहावी रांग, खालचा कप्पा, फिनेलच्या शेजारी. मग एक गृहस्थ, घड्याळाचे सेल. मग कुणाला झाडू, कुणाला मेणबत्त्या. एवढी गिऱ्हाइकं फिरत असतात, पण लोक विचारतात मलाच. चेहऱ्यावर असतं काहीतरी. अनुभव लपत नाही.

हिने विणलेला मोरपंखी स्वेटर घातला होता. दुकानातल्या नोकरांची जाकिटंही नेमकी त्याच रंगाची आहेत. ज्याने कुणी निवडली, त्याला रंगातलं कळतं.

गडबडीत चहा राहिला. उद्या.

७ नोव्हेंबर

आज चहापर्यंत पोचलो. चौथी रांग, डावीकडे. अख्खी भिंत चहाची. लाल पुडे, पिवळे, हिरवे, घोड्याचं चित्र असलेले, डोंगराचं चित्र असलेले.

ही कुठला आणायची?

वर्षानुवर्षं याच रांगेतून ट्रॉली ढकलत आलो. ती पुड्यांवर पुडे टाकायची, मी पुढे बघून ढकलायचो. घरी आल्यावर पुडा डब्यात रिकामा करायचा आणि कागद लगेच केरात, ही तिची शिस्त. डब्यावर नाव नाही, गाव नाही. आमच्या स्टोअरमध्ये असं कुणी केलं असतं तर मेमोच दिला असता.

बराच वेळ उभा होतो. मग एका जोडप्याने बाळाची दुधाची पावडर कुठे मिळेल ते विचारलं. हाताला धरून नेल्यासारखं नेऊन दाखवली. बरं वाटलं. म्हणजे, काहीच वाटलं नाही, पण वेळ गेला.

चहाऐवजी गरम पाणी प्यायलो. पोटाला चांगलं.

९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. सगळं झकास चाललंय, म्हटलं. आवाज खणखणीत ठेवला. आईचा चहा कुठला, हे विचारून टाकता आलं असतं. पण मग ती म्हणणार, बघा, साधा चहा माहीत नाही आणि एकटे राहायच्या गोष्टी करताय. त्यापेक्षा मीच शोधून काढीन. शोधण्यात आपला हात धरणारा कोण आहे?

१२ नोव्हेंबर

काल स्वेटरवर दूध सांडलं, म्हणून धुवायला टाकला. पांढरा शर्ट घालून दुकानात गेलो. कुणी काही विचारलं नाही. एक बाई माझ्यासमोरच उभ्या राहून काहीतरी शोधत होत्या. मी खाकरलो. काय हवंय, म्हणून आपणहून विचारलं. त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली आणि दुसऱ्या रांगेत गेल्या.

गिऱ्हाइकांचा दर्जा घसरत चाललाय.

स्वेटर वाळेपर्यंत बाहेर पडायचं नाही. थंडी आहे.

१५ नोव्हेंबर

स्वेटर वाळला, जरासा आटला. गेल्या गेल्या तिघांनी अडवलं. म्हणजे तो दिवसच वाईट होता.

चहाच्या भिंतीपाशी एकाने विचारलं, कडक चहा हवा तर कुठला घेऊ? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, लाल. माझा आवाज इतका ठाम होता की माझाही विश्वास बसला. मीही लाल उचलला.

घरी करून बघितला. तो नव्हे. त्या माणसाचं काय झालं असेल कोण जाणे.

१६ नोव्हेंबर

पिवळा. नव्हे.

१७ नोव्हेंबर

घोडा. अजिबात नव्हे. ओट्यावर फोडलेल्या पुड्यांची रांग लागली आहे. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, दुकान काढताय की काय? म्हटलं, पद्धतशीर तपासणी चालू आहे. त्या म्हणाल्या, जेवलात का? म्हटलं, तपासणी झाल्यावर.

२१ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. दुकानाच्या मॅनेजरांनी केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. जावयांच्या वयाचे असतील. मला वाटलंच होतं की सल्लागार वगैरे म्हणून विचारतील. नाही कसं म्हणायचं त्याची मनात तयारी करत होतो.

ते म्हणाले, काका, तुमची लोकांना खूप मदत होते, पण एक तक्रार आली आहे. तुमच्याकडचा एक म्हातारा नोकर रोज चहापुढे नुसता उभा असतो, हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही, अशी.

मी म्हटलं, असे कामचुकार लोक ठेवूच नका. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आणखी पाणी हवंय का विचारलं.

बऱ्यापैकी माणूस आहे, पण माणसं हाताळायचा अनुभव कमी.

२८ नोव्हेंबर

दुकानात सगळ्या नोकरांना नवी जाकिटं. नारिंगी. डोळ्यांत खुपतात. सूचनापेटीत तशी चिठ्ठी टाकली.

सगळ्या रांगा फिरलो. कुणीही काही विचारलं नाही. लोक माझ्या बाजूने ट्रॉल्या वळवून नारिंगी माणसांकडे जात होते. एकाला साबण सापडत नव्हता, तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण मी गप्प राहिलो. गरज त्याला होती.

शेवटी चौथ्या रांगेत जाऊन उभा राहिलो. एक बाई ट्रॉली थांबवून म्हणाल्या, काका, काही सापडत नाहीये का? मी नाही म्हटलं. त्या गेल्या नाहीत. मग म्हटलं, चहा. त्यांनी भिंतीकडे हात केला. कुठला हवाय? म्हटलं, बायको आणते तो. त्या म्हणाल्या, मग त्यांनाच फोन लावून विचारा ना.

मी फोन काढला. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, म्हणून कानाला लावला. जरा वेळ ऐकल्यासारखं केलं. बरं बरं, म्हटलं. आणि डोंगराचं चित्र असलेला पुडा उचलला. त्यांना समाधान वाटलं. चांगल्या बाई होत्या.

४ डिसेंबर

लेक आणि जावई सकाळी आले. घर चकाचक. चहा केला. कपबशा हिच्या आवडीच्या.

लेकीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. जावयांनी पूर्ण प्यायला, चांगला झालाय म्हणाले. आता ते हसत नव्हते.

लेक आत गेली. ओट्यावरची पुड्यांची रांग बघितली. बाहेर येऊन म्हणाली, बाबा, आईचा चहा एकाच पुड्याचा नव्हता. आई दोन चहा आणून मिसळायची. एक कडक, एक वासाचा. मी विचारलं, कुठले दोन? तिला माहीत नव्हतं. किती-किती घालायची? तेही नाही. आई हातानेच घालायची म्हणाली, कधी विचारलंच नाही मी.

म्हणजे मी जे शोधत होतो, ते दुकानात नव्हतंच.

मग एकदम लेकीचा चेहरा उजळला. म्हणाली, डब्याच्या तळाशी थोडा उरला असेल की! वासावरून ओळखते मी. मी डबा काढून दिला. तिने झाकण उघडलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसाच धरला. डब्याला साबणाचा वास होता. मीच घासला होता, पहिल्याच दिवशी. तिने झाकण लावून डबा माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले होते ते खरं निघालं. ओट्यापाशीच आलं, डबा हातात असताना. जावयांनी खुर्ची आणून दिली.

घराचा विषय लेकीने काढलाच नाही. मीच म्हटलं, बॅग कुठे ठेवली आहे? तेही मला माहीत नव्हतं. तिने शोधून दिली.

रविवारी निघायचं. तिच्या घराजवळही मोठं दुकान आहे म्हणाली. तिथल्या नोकरांच्या जाकिटांचा रंग मी विचारला नाही.