तारवाची वल्ही

१२ जुलै, शनिवार

उद्याच्या बायबल वर्गात मुलांना दाखवायला नोहाचं तारू हवं होतं, म्हणून नदीत डोंगा, म्हणजे छोटी नाव, चालवणाऱ्या सदूभाऊंना लाकडाचं करायला सांगितलं. तपशील मीच दिला. तीन मजले, एक दार, वर खिडकी. संध्याकाळी घेऊन आले. सुरेख केलंय, पण दोन वल्ही लावलीत!

म्हटलं, "भाऊ, पुस्तकात वल्ही नाहीत. काढून टाका."

"वल्हे नाही, त बाकीच्यायले आणाले कसा गेला मंग तो?"

"गेलाच नाही. देवानं दार बाहेरून लावलं होतं."

त्यांनी तारू टेबलावर ठेवलं. मग चहा न घेताच निघून गेले. वल्ही तशीच.

मुद्दाम विचारलं का त्यांनी? मागे वैनगंगेच्या पुरात आम्हाला काठावर उतरवून ते शेजारच्या लीलाकाकूंना आणायला परत निघाले होते. डोंग्याची दोरी मीच धरून ठेवली. म्हणालो, "आता कायले जाता भाऊ, पानी वाढून राहिलं."

वल्ही काढायला आज माझाही हात धजेना.

त्या दिवशी मी दोरी सोडली, तेव्हा काकूंचं छप्पर दिसत नव्हतं.